जात निसर्गाने केली की शास्त्राने?



वाघ आणि हरीण जसे जन्मतःच भिन्न, तसेच ब्राह्मण आणि अतिशूद्र भिन्न, असा युक्तिवाद जातीचे कैवारी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. पशूंच्या प्रकारालाही ‘जात’ आणि माणसांच्या तुकड्यांनाही ‘जात’, असा एकच शब्द आपल्या भाषेत असल्याने हे असत्य सहज खपते. त्याचा खरा शत्रू उत्क्रांतीचा सिद्धांत. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला, असे जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्याने विचारले; २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भागच गेला!

कोणी पाहिले? परळमध्ये पाहिले. १८९६ साली मांडवीत प्लेग आला आणि मुंबईचे उंदीर असंख्य मेले. साथ वर्षानुवर्षे परत येत राहिली. पुढे हाफकिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईचे उंदीर आणि प्लेगची झळ फारशी न लागलेल्या मद्रासचे उंदीर यांना तीच लागण करून पाहिली. मद्रासचे बहुतेक दगावले, मुंबईचे पुष्कळ तगले. ज्यांच्या अंगी जन्मतः प्रतिकारशक्ती होती ते साथीतून वाचले, पिल्ले त्यांचीच वाढली आणि पिढ्यांमागून पिढ्या सारा समूह पालटला. यात पूर्वजन्मीचे पुण्य कोठे आहे? तगलेले श्रेष्ठ ठरले असेही नाही. जेथे प्लेगच नाही तेथे त्या गुणाला मोल नाही.

मात्र मुंबईचा उंदीर एवढ्याने वेगळ्या प्रजातीचा झाला नाही. मद्रासच्या उंदराशी त्याची संतती होतेच. नवी प्रजाती व्हायला सहसा समुद्र किंवा डोंगर आडवा यावा लागतो आणि समूह इतका दीर्घकाळ अलग राहावा लागतो की पुढे एकत्र येऊनही वंश चालू नये.

ही कसोटी माणसांना लावा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीचे मर्म जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे. बंधन! वाघाने हरिणीशी विवाह करू नये असा दंडक कोणत्या स्मृतीने घातला? जेथे निसर्गाची भिंत असते तेथे बहिष्काराची गरज पडत नाही. हैदराबाद व अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली जनुकांवरून दाखविले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातील समूहांची सर्रास सरमिसळ झाली होती. आपापल्यातच विवाहाची रीत रुजली ती त्यानंतर.

भगवान बुद्धांनी वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुणांना हेच समजावले होते. गवत, कीटक, मासे, पक्षी यांच्यात जन्मसिद्ध भेदाच्या खुणा आहेत, माणसामाणसांत तशा नाहीत.

आता काही चतुर लोक मत्स्य, कूर्म, वराह म्हणजेच उत्क्रांती असे सांगतात आणि त्याच माळेत नवव्या जागी बुद्धांना ओवतात. सावध राहा! उत्क्रांतीत वरून उतरणारा देव नाही आणि वर चढण्याची शिडीही नाही. तेथे फक्त फांद्या फुटतात. बुद्ध विष्णूचा अवतार नव्हे, ही प्रतिज्ञा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेली आहे.

आणि ती प्रतिज्ञा घेऊनही मुलीचे स्थळ पाहताना हळूच पूर्वीची पोटजात विचारणारे आपल्यातले गृहस्थ ती कोणत्या शास्त्राच्या आधारे विचारतात? डार्विनच्या तर नव्हेच; मग मनूच्या?