वारसा आणि मशागत

खेळाडूंचा लिलाव ही गोष्ट आता आपल्याला नवी राहिलेली नाही. २००८ पासून क्रिकेटचा आणि २०१४ पासून कबड्डीचा बाजार आपण दूरचित्रवाणीवर पाहत आलो आहोत. कोणाला किती कोटी मिळाले याची चर्चा जिमखान्यात होते, कँटीनमध्ये होते आणि तास चालू असताना मागच्या बाकावरही होते. ज्याची थैली जड त्याची बोली मोठी, इतका तो सरळ मामला आहे. परंतु ऑस्ट्रेलियात एक खेळ असा आहे, की जिथे खेळाडूसाठी बोली लागते, ती फेडलीही जाते आणि तरी या संघाकडून त्या संघाकडे एक पैसाही जात नाही. या पद्धतीविषयी मी गेले वर्षभर मिळेल ते वाचत आहे. तिच्यातल्या हिशेबाचे मला कौतुक वाटते आणि तिच्यातल्या एका अन्यायाचा रागही येतो. हा लेख या दोन्हींपोटी लिहिला आहे.

हा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लंबगोल चेंडू, क्रिकेटसारखे अंडाकृती विस्तीर्ण मैदान आणि एका बाजूस अठरा खेळाडू. मेलबर्न आणि आसपासच्या प्रदेशात या खेळाचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतकेच आहे. १९८६ पासून तेथे दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड-सभा भरते. तिला ड्राफ्ट म्हणतात. तिचा मूळ नियम मोठा समंजस आहे. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याने पहिला खेळाडू उचलायचा आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. श्रीमंत संघाने सगळे गुणवान तरुण गोळा करू नयेत आणि दुबळ्यालाही कधीतरी वर येता यावे, हा त्यामागचा हेतू.

या नियमाला दोन अपवाद आहेत आणि सगळी गंमत तिथे सुरू होते. पहिला अपवाद वारशाचा. ज्या खेळाडूचा बाप एखाद्या क्लबाकडून किमान १०० सामने खेळला असेल, त्याच्यावर त्या क्लबाचा पहिला हक्क. दुसरा अपवाद अकादमीचा. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या प्रांतांत रग्बीचे राज्य आहे. तेथील मुलांना या फुटबॉलकडे वळवायचे तर लहानपणापासून शिकवायला हवे. म्हणून २०१० पासून तेथील चार क्लबांना, म्हणजे सिडनी, ग्रेटर वेस्टर्न सिडनी, ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट यांना, स्वतःच्या अकादम्या चालवण्याची आणि त्यांतून तयार झालेल्या मुलांवर पहिला हक्क सांगण्याची मुभा मिळाली. पुढे सर्वच क्लबांना आपापल्या विभागात तेथील मूळ रहिवाशांच्या आणि परदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी अशाच प्रकारच्या अकादम्या काढता आल्या.

हक्क मान्य केला, तरी किंमत किती हा प्रश्न उरतोच. पूर्वी ती नाममात्र होती. २००६ साली टॉम हॉकिन्स हा मुलगा आपल्या बापाच्या जीलाँग क्लबाकडे ४१व्या क्रमांकाच्या निवडीत गेला. त्याची खरी योग्यता पहिल्या काहींत मोडणारी होती हे सर्वांना ठाऊक होते. ओरड झाली आणि पुढल्या वर्षापासून बोलीची पद्धत आली. तरीही, बोली कितीही वरची असो, क्लबाला फक्त आपली त्यानंतरची निवड द्यावी लागे. २०१४ मध्ये सिडनीच्या अकादमीतला आयझॅक हीनी, ज्याची गणना त्या वर्षीच्या पहिल्या चार-पाचांत होत होती, तो सिडनीला १८व्या क्रमांकावर मिळाला तो याच पळवाटेने. अखेर २०१५ साली गुणांचा तक्ता आला.

हा तक्ता समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक निवड क्रमांकाला ठरावीक गुण दिले. २०१५ च्या तक्त्यात पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २५१७, तिसऱ्याला २२३४, चौथ्याला २०३४, असे उतरत उतरत दहाव्याला १३९५ आणि विसाव्याला ९१२. आता समजा, चौथ्या क्रमांकाची पाळी असलेल्या क्लबाने दुसऱ्याच्या हक्काच्या मुलाचे नाव पुकारले. ही झाली बोली. हक्कदार क्लबाने तिची बरोबरी करायची ठरवली तर त्याला २०३४ गुण फेडावे लागतात. त्यातून २० टक्के सूट वजा जाता १६२७. हे गुण त्याने आपल्या पुढच्या निवडी मोडून उभे करायचे. त्याच्याजवळ ३३, ३६, ४० आणि ४४ या क्रमांकांच्या निवडी असतील तर त्यांचे अनुक्रमे ५६३, ५०२, ४२९ आणि ३६२ गुण होतात. पहिल्या तीन निवडी संपूर्ण जातात, चौथीतले १३३ गुण कापले जातात आणि उरलेल्या गुणांची ती निवड रांगेत मागे सरकते. गुण कमी पडले तर पुढील वर्षाच्या खात्यावर उधारी मांडली जाते. आणि हक्कदाराने नकार दिला, तर बोली लावणाऱ्याला तो मुलगा घ्यावाच लागतो. त्यामुळे उगाच किंमत चढवायला कोणी तोंड उघडत नाही. उघडले तर स्वतःची चौथी निवड पणाला लागते.

मला ही कल्पना फार आवडली. एखाद्या गोष्टीची किंमत मालक सांगेल ती नव्हे आणि पंच ठरवील ती नव्हे. दुसरा जे स्वतःजवळचे द्यायला तयार आहे ती. आपल्याकडील क्रिकेटच्या लिलावातही जुन्या संघाला शेवटच्या बोलीची बरोबरी करून खेळाडू परत घेण्याची सोय अनेकदा ठेवली गेली. तत्त्व तेच, फक्त तिथे चलन रुपयाचे आणि इथे संधीचे.

या तक्त्यात एक भोक होते. कागदावर चार किरकोळ निवडींचे गुण एका मोठ्या निवडीइतके भरतात. पण म्हणून चार किरकोळ खेळाडू मिळून एक मोठा खेळाडू होत नाही. हे हेरून क्लब आपली वरची निवड विकून चिल्लर गोळा करू लागले आणि त्या चिल्लरीतून हिरे विकत घेऊ लागले. २०२३ मध्ये गोल्ड कोस्टने आपली चौथी निवड आधीच दुसऱ्याला देऊन टाकली आणि अकादमीतले चार तरुण एकाच रात्री, ३, ९, १४ आणि २६ या क्रमांकांवरील बोल्या फेडून, घरात ठेवले. २०२५ च्या निवडीपासून शेवटच्या क्रमांकांचे गुण काढून टाकले आणि सूट २० वरून १० टक्क्यांवर आणली. ही दुरुस्ती योग्यच झाली.

परंतु माझे भांडण सुटीच्या टक्क्यांशी नाही. माझा प्रश्न असा आहे, की सूट कशासाठी?

अकादमीला सूट का, याचे उत्तर देता येते. रग्बीच्या गावात एका अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती कोणीतरी हा लंबगोल चेंडू दिला. वर्षानुवर्षे त्याला शिकवले, गाडीने सरावाला नेले-आणले, त्याच्यावर पैसा खर्च केला. तो पुढे खेळाडू होईलच याची कोणतीही खात्री नव्हती. ही मशागत आहे. जमीन कसणाऱ्याला पिकात थोडा अधिक वाटा द्यावा, यात मला गैर वाटत नाही. शिवाय त्या मुलाचा विचार करावा. अठराव्या वर्षी उचलून पर्थहून मेलबर्नला, म्हणजे सुमारे २,७०० किलोमीटर दूर, पाठवले तर कित्येक मुले घरच्या ओढीने परत फिरतात. ओळखीच्या माणसांत राहता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

बापाच्या क्लबाला मात्र तीच सूट का? त्या क्लबाने या मुलासाठी काय केले? त्याचा बाप एके काळी त्यांच्याकडून खेळला, त्याचे मानधन त्याला मिळाले, टाळ्याही मिळाल्या. मुलगा चांगला निपजला तो घरच्या वातावरणाने, त्याच्या कष्टाने, कदाचित रक्तानेही. क्लबाच्या खर्चाने नव्हे.

हा भेद किती झोंबणारा आहे, हे २०२१ च्या निवड-सभेत उघडे पडले. आदल्या वर्षी, २०२० मध्ये, जमारा युगल-हेगन या मूळ रहिवासी समाजातील मुलावर तळाच्या ॲडिलेडने पहिल्याच क्रमांकाची बोली लावली आणि वेस्टर्न बुलडॉग्सने तिची बरोबरी करून त्याला नेले. तळाच्या क्लबाच्या तोंडचा घास गेला म्हणून ओरड झाली आणि नियम बदलला: या नव्या अकादम्यांतील मुलांवर पहिल्या २० क्रमांकांत लागलेली बोली क्लबाला फेडता येणार नाही. २०२२ मध्ये ही मर्यादा ४० वर नेली. वारशाच्या हक्काला मात्र कोणी हात लावला नाही.

मग २०२१ मध्ये काय घडले पाहा. चौथ्या क्रमांकावर गोल्ड कोस्टने निक डेकोस याचे नाव पुकारले. त्याचा बाप पीटर डेकोस कॉलिंगवुडकडून २५० सामने खेळलेला. कॉलिंगवुडने बरोबरी केली, सूट घेतली आणि मुलगा नेला. पाळी पुन्हा गोल्ड कोस्टचीच. त्यांनी पाचव्या क्रमांकावर मॅक अँड्र्यू याचे नाव घेतले. हा दक्षिण सुदानी वंशाचा, मेलबर्न क्लबाच्या अकादमीतला मुलगा. मेलबर्नला बोलण्याची परवानगीच नव्हती. क्लब एक, जागा एक, नावे लागोपाठ. एका मुलाला बाप होता म्हणून दार उघडे आणि दुसऱ्याला शिकवणारा होता तरी दार बंद.

माझे एक क्रीडाप्रेमी मित्र यावर म्हणतात, की त्या वर्षी मेलबर्न विजेता संघ होता, त्याला आणखी कशाला द्यायचे? मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्याच सभेत दुसऱ्या क्रमांकाची बोली फेडून सॅम डार्सी याला बापाच्या क्लबाने नेले आणि तो क्लब कोणता? तोच वेस्टर्न बुलडॉग्स, त्या वर्षीचा उपविजेता. बलवानाला आवर घालायचा होता तर दोघांनाही घालायचा. एकाला घातला आणि दुसऱ्याला वाट करून दिली, याला न्याय म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट. वारशाच्या नियमाला बापाचे १०० सामने लागतात. ज्याचे आईबाप युद्धाने होरपळलेल्या देशातून निघून इथवर आले, त्याच्या बापाने मेलबर्नच्या मैदानावर १०० सामने कधी खेळायचे? अशा मुलासाठी अकादमी हा एकच दरवाजा होता आणि नेमका तोच तीन वर्षे अर्धा लोटून ठेवला. पुढे ही बंदी उठली. २०२४ मध्ये एसेंडनने आपल्या अकादमीतला इराकी वंशाचा आयझॅक काको याला १३व्या क्रमांकाची बोली फेडून घेतले. चूक सुधारली हे बरेच झाले. पण अडचण आली की आधी कोणाचा दरवाजा लोटला जातो, हे त्या तीन वर्षांनी दाखवून दिले.

कोणी म्हणेल, खेळ म्हणजे केवळ हिशेब नव्हे. बापाचा सदरा मुलाने घातलेला पाहण्यात प्रेक्षकांना जो आनंद होतो त्याचे काय? तो आनंद मला मान्य आहे. २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे ब्रिस्बेनने अजिंक्यपद मिळवले तेव्हा दोन्ही अंतिम सामन्यांचा सर्वोत्तम खेळाडू होता विल ॲशक्रॉफ्ट आणि त्याचा बाप मार्कस हाही ब्रिस्बेनचाच गाजलेला खेळाडू. अशा गोष्टींनी खेळाला घरपण येते. म्हणून बोलीची बरोबरी करण्याचा हक्क बापाच्या क्लबाला खुशाल असू द्या. पण किंमत पुरी मोजा. भावना इतकी मोलाची असेल तर तिला सूट कशाला हवी?

माझ्या मते नियम असा हवा: बरोबरीचा हक्क दोघांना, सूट फक्त अकादमीला आणि तीही मुलगा तेथे जितकी वर्षे शिकला त्या प्रमाणात. केवळ विभागात राहतो म्हणून नाव नोंदवून घेतलेल्या मुलावर सूट नको. सहा वर्षे घडवलेल्या मुलावर ती जरूर असावी. म्हणजे क्लबांना मुलगा शोधण्यापेक्षा मुलगा घडवण्यात लाभ दिसेल आणि तळाच्या संघाचा घासही फुकट हिरावला जाणार नाही.

ऑस्ट्रेलियातल्या या खटाटोपाशी आपला संबंध काय, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की पिढीजात मिळालेले आणि कष्टाने रुजवलेले एकाच मापाने मोजायचे का, हा प्रश्न जिथे जिथे संधी मोजक्या आणि इच्छुक पुष्कळ, तिथे तिथे उभा राहतो. त्या देशाने निदान गुणांचा तक्ता मांडून आपला पक्षपात आकड्यांत दिसेल अशी सोय तरी केली. ज्या निवडी बंद दारांआड होतात, त्यांत कोणाला किती सूट मिळाली हे कोणालाच कळत नाही.