खड्डा न जाणवणारी मोटार

हिंगोली जिल्ह्यात सभा कोणत्याही पक्षाची असो, निवडणूक साखर कारखान्याची असो की बाजार समितीची, मंडपाबाहेर पांढऱ्या, उंच, जाड चाकांच्या मोटारींची रांग हटकून दिसते. झेंडे निरनिराळे असतात. मोटारीची जात मात्र एकच. या मोटारीविषयी आपल्या पुरोगामी मंडळींचे बोलणे बहुधा टिंगलीपुरते असते. नव्या पैशाचे प्रदर्शन, एवढे म्हणून ते थांबतात. प्रदर्शन तर आहेच. परंतु विषय टिंगलीवर सोडून देण्यासारखा नाही. ही मोटार हे एक उत्तम यंत्र आहे, आणि तिचा उत्तमपणा कोणत्या कामी खर्ची पडला आहे व त्याचे पैसे कोणी भरले आहेत, याचा हिशेब मांडणे हे समाजवाद्यांचे काम आहे.

प्रथम यंत्राकडे पाहू. आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची झालेली फॉर्च्युनर घ्या. तिचे डिझेल इंजिन २७५५ घन सेंटिमीटरचे, सुमारे २०४ अश्वशक्तीचे. स्वयंचलित गिअरच्या गाडीत त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, ५०० न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला अवघ्या १६०० फेऱ्यांपासून हाती येतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणून दाब मोठा, भाग जड आणि आवाज खडखडीत. हा खडखडाट घालविला तो कॉमन रेल पद्धतीने. ती १९९७ साली अल्फा रोमिओच्या मोटारीत प्रथम बाजारात आली. या पद्धतीत इंधन वातावरणाच्या दीड-दोन हजार पट दाबाखाली एका सामाईक नळीत साठविलेले असते आणि विजेच्या इशाऱ्यासरशी एकाच आवर्तनात अनेक हप्त्यांनी फवारले जाते. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे पाते फिरते आणि इंजिनात जादा हवा कोंबते. परिणाम असा की दोन टनांहून जड मोटार पायाच्या हलक्या दाबाने उसळी घेते आणि बसणाऱ्याला कष्टाची जाणीव होत नाही. एस.टी.च्या ताफ्यातील जुन्या बसचे इंजिन अश्वशक्तीत याहून उणे होते. ते पन्नास माणसे, त्यांची गाठोडी आणि टपावरचा माल ओढीत असे. इकडे तेवढ्या ताकदीवर बहुधा एक पुढारी, एक चालक आणि मागे दोन कार्यकर्ते जातात.

या मोटारीची वंशावळ मोठी उद्‌बोधक आहे. लँड रोव्हर १९४८ साली इंग्लंडमध्ये जन्मली ती शेतकऱ्याचे अवजार म्हणून. युद्धानंतर पोलाद नियंत्रित होते म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले, आणि तिच्या इंजिनावर पट्टा चढवून शेतावरची यंत्रे चालविता यावीत अशी सोय ठेवली. तिची प्रेरणा अमेरिकन लष्कराची विलीज जीप. तीच जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी जुळवायला घेतली. पुढे ती गटविकास अधिकाऱ्याची झाली, कृषिखात्याची झाली, कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची झाली. मराठवाड्यात तर तिची काळी-पिवळी झाली. सेनगावहून, औंढ्याहून, आखाडा बाळापुराहून बाजाराच्या दिवशी एकेका काळी-पिवळीत किती माणसे मावतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला चार चाकांची ही रचना मुळात कोणासाठी होती हे सांगावे लागत नाही. शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर वेगळे अंग बसवायचे ही तिची पद्धत ट्रकचीच. फॉर्च्युनरमध्ये ती आजही आहे. म्हणजे सांगाडा श्रमिकाचा राहिला, वर बसणारा बदलला.

लँड रोव्हरच्याच घरातील रेंज रोव्हर १९७० साली आली. टाटांनी २००८ साली ती कंपनी विकत घेतली, आणि २०२४ पासून रेंज रोव्हर पुण्यात जुळवली जाते. या महागड्या गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. रस्त्याचा अंदाज सेकंदाला शेकडो वेळा घेऊन धक्का शोषणाऱ्या दट्ट्यांचा कडकपणा बदलला जातो. याहूनही विलक्षण युक्ती आवाजाची आहे. चाकांची थरथर यंत्राने टिपायची, तिच्या बरोबर उलट लहरींचा आवाज बैठकीच्या डोके टेकण्याच्या जागेतील ध्वनिक्षेपकातून सोडायचा, आणि एका आवाजाने दुसरा मारायचा. रस्ता आहे तसाच असतो. आतल्या माणसापुरता तो नाहीसा होतो.

माझे म्हणणे या ठिकाणी आहे. आपल्या जिल्ह्यातील रस्ते काळ्या जमिनीवर बांधलेले आहेत. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोल न घेता, मुरमाचा थर व पाण्याचा निचरा यांची काळजी न घेता वर डांबर ओतले की दोन पावसांत रस्ता उखडणार, हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील कोणत्याही अभियंत्याला ठाऊक आहे. ज्ञान उपलब्ध आहे. अंदाजपत्रके होतात, टेंडरे निघतात, बिले निघतात. मग रस्ता का होत नाही? भ्रष्टाचार हे उत्तर खरे, पण अपुरे आहे. भ्रष्टाचारालाही कुठेतरी बोचणी लागते. ज्याच्या सहीने काम मंजूर होते, ज्याच्या शब्दाने ठेकेदार नेमला जातो आणि जो स्वतःच पुष्कळदा पडद्याआडचा ठेकेदार असतो, त्याच्या कमरेला त्या रस्त्याचा धक्काच पोचत नसेल तर ती बोचणी लागणार कुठून? हळदीची पोती वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मोंढ्यात नेणाऱ्याला खड्डा लागतो. बाळंतपणासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात निघालेल्या बाईला लागतो. मोटारसायकलवरून शाळेला जाणाऱ्या शिक्षकाला लागतो. यांपैकी कोणाच्याही सहीने रस्ता होत नाही. पूर्वी तहसीलदाराची जीप आणि आमदाराची ॲम्बेसेडर निदान आदळत तरी होती.

शिवाय उंचीचा प्रश्न आहे. चालक इतरांच्या वर बसतो, त्यामुळे त्याला दूरचे चांगले दिसते आणि जवळचे कमी. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव बसक्या, उतरत्या बॉनेटच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असतो. आपल्याकडे मागून या मोटारीचा कर्णा वाजला की बैलगाडी आणि सायकल मुकाट्याने साईडपट्टीवर उतरते. रस्त्याच्या नियमांत याला आधार नाही; रिवाजात मात्र तो पक्का बसला आहे.

आता पैशांकडे वळू. डिझेल स्वस्त ठेवण्याचे समर्थन वर्षानुवर्षे शेतकऱ्याच्या आणि एस.टी.च्या नावाने झाले, आणि ते योग्यच होते. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. या तफावतीचा लाभ घेण्यासाठी मोटार उद्योगाने आपली बुद्धी डिझेलकडे वळविली आणि बड्या मोटारींचा बाजार डिझेलवर वाढला. केंद्र सरकारच्याच पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षाने करविलेली पाहणी २०१४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार किरकोळ विक्रीच्या डिझेलपैकी साऱ्या शेतीला सुमारे १३ टक्के लागत होते आणि खाजगी मोटारी व तत्सम वाहनांनाही सुमारे १३ टक्केच. किरीट पारीख समितीने २०१० सालीच डिझेल मोटारींवर ८० हजार रुपये जादा अबकारी बसवावा असे सुचविले होते. ते झाले नाही.

जे झाले ते वाचकांनी विसरू नये. २०१३ च्या जानेवारीत केंद्र सरकारने घाऊक ग्राहकांचे डिझेलवरील अनुदान काढून घेतले. हे घाऊक ग्राहक कोण? रेल्वे आणि राज्यांची परिवहन महामंडळे. म्हणजे आगारात उभ्या असलेल्या एस.टी.ला लिटरमागे साधारण दहा रुपये जादा पडू लागले, आणि त्याच गावच्या पंपावर ८० लिटरची टाकी भरणाऱ्या आलिशान मोटारीला सवलतीचेच डिझेल मिळत राहिले. दर भरण्यामागे सुमारे आठशे रुपयांचा सरकारी आहेर. एस.टी.च्या गाड्यांना स्वतःचे पंप सोडून खाजगी पंपांवर रांगा लावण्याची पाळी आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर मुक्त झाले. तरीही युक्रेन युद्धानंतर २०२२ च्या मार्चमध्ये घाऊक दर किरकोळीपेक्षा सुमारे २५ रुपयांनी वर गेला, तेव्हा तोच खेळ पुन्हा झाला. त्यातच आपल्या राज्यात एस.टी.च्या तिकिटातून १७.५ टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे घेतला गेला आहे. खाजगी मोटारीत बसणारा असा कोणता कर दर खेपेला देतो?

कर्जाचे तेच. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या उद्योजकांनी एकाच वेळी १५० मर्सिडीज खरेदी केल्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्या सगळ्याच डिझेलच्या वा उंच बांध्याच्या नव्हत्या. पण प्रश्न बांध्याचा नाही. पी. साईनाथ यांनी त्या वेळी लिहिल्याप्रमाणे स्टेट बँकेने त्यासाठी ४० कोटींहून अधिक कर्ज दिले, आणि बँक कर्मचारी संघटनेच्या नेत्याने व्याजाचा दर ७ टक्के सांगितला. ट्रॅक्टरच्या कर्जाला तेव्हा याच्या दुपटीच्या आसपास व्याज पडत होते. त्याच मराठवाड्यात, आपल्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या शेतकऱ्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात आमचे अवयव विकत घ्या आणि कर्ज फेडून घ्या अशी मागणी सरकारकडे केली. दोन्ही बातम्या छापून आल्या. पहिलीकडे मराठवाड्याच्या प्रगतीची खूण म्हणून कौतुकाने पाहिले गेले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की रस्ते वाईट आहेत म्हणूनच अशी दणकट मोटार लागते. लागते ना, पण मग ती बाळंतिणीला आधी लागते. दुसरा आक्षेप रोजगाराचा. पुण्यात, चाकणला, शेंद्र्याला या गाड्या जुळवल्या जातात, पोरांना काम मिळते. त्या कामगारांविषयी मला पूर्ण आदर आहे. परंतु जालना रस्त्यावर शेंद्र्याला आउडीच्या गाड्या जुळतात, त्याच रस्त्यावर काही किलोमीटर अलीकडे चिकलठाण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. हात तेच, कौशल्य तेच, पाणी आणि वीजही तीच. कोणत्या कार्यशाळेकडे भांडवल वळले, एवढाच फरक आहे. अभियांत्रिकीला स्वतःची वर्गनिष्ठा नसते. मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसविला. त्यात कसलाही नवा शोध नव्हता. धक्का कोणाचा कमी करायचा हे तेवढे ठरवावे लागले. आज हवेच्या पिशव्यांची बैठक बसमध्ये बसविता येते, परदेशी आणि आपल्याही महागड्या बसमध्ये ती असते. कळमनुरीच्या आगारातून सुटणाऱ्या साध्या गाडीखाली मात्र पाट्यांचेच स्प्रिंग.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची फेररचना झाली. ट्रॅक्टरवरील कर १२ टक्क्यांवरून ५ वर आणि बसवरील २८ वरून १८ वर आला. ते स्वागतार्हच आहे. पण त्याच दिवशी बड्या एस.यू.व्ही.वरील एकूण बोजा ५० टक्क्यांवरून ४० वर उतरला. फॉर्च्युनरची किंमत साडेतीन लाखांपर्यंत आणि रेंज रोव्हरची ३० लाखांपर्यंत कमी झाल्याचे कंपन्यांनीच जाहीर केले. तीस लाख हा एका गाडीवरचा दिलासा आहे.

राज्याच्या हाती असलेली गोष्ट निराळी. महाराष्ट्रात डिझेल मोटारीवर नोंदणीच्या वेळी एकरकमी कर घेतात. २० लाखांवरच्या गाडीला तो १५ टक्के आहे. मात्र त्याला कमाल मर्यादा आहे. ती आधी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. म्हणजे दोन कोटींच्या पुढे किंमत कितीही चढो, कर चढत नाही. दुचाकी घेणाऱ्या शेतमजुराच्या पोराला असले छप्पर कधी लाभले आहे काय? हे छप्पर काढावे, आणि २० लाखांवरील मोटारींच्या करातून येणारी रक्कम एस.टी.च्या नव्या गाड्यांसाठी राखून ठेवावी. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी ही आपली तीन आगारे परभणी विभागाखाली आहेत. सेनगाव आणि औंढा या दोन तालुक्यांना आगारच नाही. पहिला हक्क त्यांचा.

विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनापूर्वी जिल्ह्याच्या तिन्ही आमदारांना ही मागणी आपल्या तालुका शाखांनी लेखी द्यावी. निवेदन द्यायला जाताना त्यांना एक विनंतीही करावी: सेनगावच्या पुढल्या दौऱ्याला त्यांनी एस.टी.ने यावे, आणि जागा मागच्या चाकावरची घ्यावी.