पहिल्या हाताचा वाटा

श्रमिकांच्या चळवळीच्या साप्ताहिकात फुटबॉलपटूंच्या खरेदी-विक्रीची चर्चा कशाला, असा प्रश्न काही साथी विचारतील. विडी कामगारांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या मागण्या दारात उभ्या असताना तुम्ही चेंडूमागे कोठे धावता, असेही म्हणतील. प्रश्न रास्त आहे. मालमत्तेचा व्यवहार करणारे लोक आपापसांत एक नियम पाळतात आणि श्रमिकाला व शेतकऱ्याला दुसराच शिकवतात. या दोहोंतील अंतर पाहायचे तर त्यांच्या बाजारात एकवार फिरून आले पाहिजे. आणि आजच्या जगात माणसांचा बाजार राजरोसपणे भरतो तो फुटबॉलमध्येच.

त्या बाजाराची रीत अशी. खेळाडू एखाद्या क्लबाशी काही वर्षांच्या कराराने बांधलेला असतो. मुदत संपण्यापूर्वी तो दुसऱ्या क्लबाला हवा असेल, तर पहिल्या क्लबाला किंमत मोजावी लागते. लहान क्लबाला पैशाची निकड असते. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो, त्याचे पुढे काय होईल हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा लहान क्लब म्हणतो, आज स्वस्तात नेता ते न्या, पण उद्या तुम्ही याला पुढे विकलेत तर त्या किमतीत आमचा वाटा राहील. या अटीला तिकडे ‘सेल-ऑन क्लॉज’ म्हणतात. आपण तिला फेरविक्रीतील वाट्याचे कलम म्हणू. हा वाटा कधी पुढच्या संपूर्ण किमतीवर ठरतो, तर कधी केवळ वाढलेल्या किमतीवर. समजा २० लाखांना दिलेला खेळाडू पुढे २ कोटींना विकला गेला आणि वाटा २० टक्के आहे. संपूर्ण किमतीवर तो ४० लाख होतो, वाढीवर ३६ लाख. करारातील एका शब्दाने चार लाखांचा फरक पडतो, हे कामगार संघटनांत करारनामे वाचून डोळे शिणलेल्या साथींना वेगळे सांगायला नको.

ही काल्पनिक गोष्ट नव्हे. रहीम स्टर्लिंग हा मुलगा लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबाने २०१० मध्ये लिव्हरपूलला दिला. २०१५ मध्ये लिव्हरपूलने त्याला मँचेस्टर सिटीला विकले, सौदा ४ कोटी ९० लाख पौंडांपर्यंतचा होता. रेंजर्सने २० टक्क्यांचे कलम घालून ठेवले होते. पाच वर्षांपूर्वी दाराबाहेर पडलेल्या पोराने जुन्या घराच्या तिजोरीत लक्षावधी पौंड आणून टाकले. त्या वेळी इंग्लंडातील एकाही अर्थपंडिताने असे म्हटले नाही की, ‘एकदा विकले की संबंध संपला’. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण सोलापूरच्या शेतकऱ्याला ते पिढ्यान् पिढ्या ऐकवले गेले आहे.

अर्थात पळवाटाही आहेत. मोठा क्लब खेळाडू रोख न विकता अदलाबदलीत देतो आणि कागदावर त्याची किंमत नाममात्र लावतो. कधी कराराची मुदतच संपू देतो, म्हणजे विक्रीही नाही आणि वाटाही नाही. सर्वांत क्रूर युक्ती मात्र आपल्या परिचयाची आहे. लहान क्लब कर्जात बुडाला की मोठा क्लब त्याच्याकडे जातो आणि म्हणतो, तुमचा तो भविष्यातला वाटा आजच आम्हाला विका. गरजवंताला अक्कल नसते, तो विकतो. वर्षभरात खेळाडूची किंमत दहापट होते. उभ्या पिकाचा सौदा करणारा सावकार आणि हा क्लब यांत सुटाबुटाखेरीज फरक तो काय?

या व्यवहारात खुद्द खेळाडू कोठे आहे? कोठेच नाही. कलम आहे ते दोन मालकांमधले. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बोस्मान याचा करार संपला, तरी त्याचा क्लब पैसे घेतल्याशिवाय त्याला सोडीना. तो न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, करार संपल्यावर खेळाडू मोकळा आहे, त्याच्यावर किंमत लावता येणार नाही. कामगारवर्गाच्या दृष्टीने हा मोठा विजय होता. मात्र त्याबरोबरच, मुले घडवून ती विकण्यावर जगणाऱ्या लहान क्लबांच्या पायाखालची वाळू सरकली. मालकाच्या हातून माणूस सोडवणे हे अर्धे काम होते. त्या माणसाला ज्यांनी घडवले त्यांचे काय, हे उरलेले अर्धे काम तसेच राहिले.

ते करण्याचा एक प्रयत्न २००१ मध्ये झाला. युरोपीय आयोगाच्या दबावाखाली फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, फिफाने, नियम केला की, एका देशातून दुसऱ्या देशात खेळाडू किंमत देऊन नेला गेला, तर त्या किमतीतील ५ टक्के रक्कम त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी घडवले त्यांच्यात वाटावी. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीस या वयातील प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. गणित करून पाहा, बरोबर पाच होतात. त्यासाठी आधी करार लागत नाही, घासाघीस लागत नाही, आणि खेळाडू कितीही वेळा विकला गेला तरी प्रत्येक वेळी हा वाटा निघतो. या नियमाला त्यांनी नाव दिले आहे ‘सॉलिडॅरिटी’! लाल बावट्याखाली वाढलेला हा शब्द कोट्यधीशांच्या नियमावलीत जाऊन बसलेला पाहून हसावे की रडावे? पण शब्द चोरीला गेला म्हणून आपण रुसून बसू नये. त्यामागची कबुली महत्त्वाची आहे. किंमत ही शेवटच्या विक्रेत्याने निर्माण केलेली नसते, तिच्यात पहिल्या हाताचे श्रम असतात, आणि ते विक्रीने पुसले जात नाहीत, हे भांडवलदारांच्या दफ्तरात नोंदले गेले आहे.

आता पहिला हात कोणता? कोल्हापुरात जा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींनी आणि शिवाजी तरुण मंडळाने पिढ्यान् पिढ्या फुटबॉल जगवला. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा ओस पडतात. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव राज्य शासनाच्या पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून चाललेल्या संस्थेत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. पुढे व्यावसायिक क्लबांनी त्याला घेतले, आनंद आहे. पण असा मुलगा उद्या परदेशी विकला गेला, तर पाव टक्का कोणाला? नियमानुसार वाटा मिळतो तो संघटनेशी संलग्न असलेल्या आणि खेळाडूची त्या वयात रीतसर नोंदणी केलेल्या क्लबालाच. चिखलात अनवाणी खेळवणाऱ्या गल्लीला नाही, पगाराबाहेर राबणाऱ्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाला नाही. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांच्या पायी चेंडू दिला. आपल्याच करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी त्यावर २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट काढला. गौरव झाला, होऊ द्या. पण गौरवाने मैदानाचे भाडे भरता येत नाही. ज्याच्याकडे कागद नाही त्याचा हक्क नाही, हा न्याय जागतिक संघटनेपासून तलाठ्याच्या कचेरीपर्यंत एकच आहे.

तलाठ्याच्या कचेरीचा उल्लेख सहज केलेला नाही. फेरविक्रीतील वाट्याचे कलम सोलापूर जिल्ह्यात नाही असे कोणी समजू नये. ते आहे, आणि जोमात आहे. फक्त ते कोणाच्या बाजूने आहे ते पाहावे.

शासनाने दिलेली भोगवटादार वर्ग २ ची जमीन विकायची झाली, तर परवानगी काढावी लागते आणि नजराणा भरावा लागतो. वतनाची जमीन बिगरशेतीसाठी विकताना दलित कुटुंबांकडून किमतीच्या निम्म्यापर्यंत नजराणा दीर्घकाळ आकारला गेला. शासनाचा युक्तिवाद असा की, वाढलेली किंमत ही तुमची कमाई नव्हे, ते ‘अनर्जित उत्पन्न’ आहे, म्हणून त्यात आमचा वाटा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचेही तसेच. महामंडळ भूखंड विकत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते, आणि एका कारखानदाराने तो दुसऱ्याच्या नावे केला की हस्तांतरणाचे शुल्क वसूल करते. म्हणजे अक्कलकोट रस्त्यावरील किंवा चिंचोळीच्या वसाहतीतील भूखंड जितक्या वेळा हात बदलतो, तितक्या वेळा महामंडळाच्या पदरात काही ना काही पडते. आमचा त्याला विरोध नाही, सार्वजनिक संस्थेने वाटा जरूर घ्यावा. आमचा प्रश्न एवढाच की, त्या भूखंडाखाली ज्याची ज्वारी उभी होती त्याचे नाव या साखळीत कोठे आहे? महामंडळ जमीन घेते १९६१ च्या आपल्या कायद्याखाली. प्रकल्पग्रस्ताला विकसित भूखंड देण्याची योजना आहे, पण तो भूखंड ही एकवारची भरपाई झाली. पुढच्या प्रत्येक विक्रीतला वाटा निराळा, आणि तो शेतकऱ्याला नाही. त्याला सांगितले जाते ते तेच वाक्य. एकदा विकले की संबंध संपला. त्यातही त्याने विकले कोठे होते? त्याच्याकडून घेतले होते.

कायद्याने ही गोष्ट मुळीच ओळखलेली नाही असेही नाही. १८९४ चा वसाहतवादी भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा कायदा आला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला. त्याचे कलम १०२ किती साथींनी वाचले आहे? या कायद्याखाली संपादित केलेली जमीन कोणताही विकास न करता पुढे विकली, तर वाढलेल्या किमतीचे ४० टक्के मूळ जमीनधारकांत किंवा त्यांच्या वारसांत वाटले पाहिजेत, असे ते म्हणते. स्टर्लिंगच्या क्लबाला २० टक्के होते, आपल्या शेतकऱ्याला ४० टक्के! वाचून छाती फुगते. पुढे वाचा, म्हणजे ती खाली बसते. हा वाटा संपादनापासून पाच वर्षांच्या आतच, आणि तोही केवळ पहिल्या विक्रीवर. सहाव्या वर्षी विकणाऱ्याला कायद्याचा नमस्कार. चार भिंती आणि एक पत्र्याची शेड उभारून ‘विकास झाला’ म्हणणाऱ्याशी शेतकऱ्याने न्यायालयात झुंजत बसावे. जमीन न विकता ती धारण करणाऱ्या कंपनीचे समभागच विकले, तर जमिनीची मालकी कागदावर हललेलीच नसते, मग वाटा मागायचा कोणाकडे? फुटबॉलमधील अदलाबदलीची युक्ती वाचकांना आठवत असेल. शिवाय हे कलम ‘या कायद्याखाली’ घेतलेल्या जमिनींपुरतेच. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, कोळसा अशा तेरा कायद्यांना चौथ्या अनुसूचीने बाजूला ठेवले. पुढे त्यांना भरपाईच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी लागू झाल्या, हे कलम नाही.

येथे आमच्यातलेच काही कठोर तत्त्वनिष्ठ साथी आक्षेप घेतील. जमीन ही उत्पादनाचे साधन आहे, तिच्या फेरविक्रीत वाटा मागणे म्हणजे शेतकऱ्याला सट्टेबाजाचा धाकटा भागीदार करणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. जमिनीचा सट्टा बंद व्हावा हीच आमची मूळ भूमिका. पण सट्टा चालू आहे तोवर त्याचा मलिदा कोणी खावा, हा प्रश्न टाळता येत नाही. आणि दुसरी बाजू अधिक महत्त्वाची. कलम १०२ मध्ये वाटा आहे तो केवळ ज्याच्या नावे जमीन होती त्याला. त्याच कायद्याच्या व्याख्येत मात्र त्या जमिनीवर तीन वर्षे राबून पोट भरणारा शेतमजूर आणि कूळ यांनाही ‘बाधित कुटुंब’ म्हटले आहे. पुनर्वसनापुरते ते बाधित आणि वाट्याच्या वेळी अदृश्य, हे कोठले तर्कशास्त्र? क्लबाला वाटा आणि खेळाडूला ठेंगा, तीच ही व्यवस्था. म्हणून आमची मागणी शेतमालकाच्या मागणीत विरघळून जाता कामा नये. वाटा मागायचा तो सातबाऱ्यावरील नावासाठी आणि त्या रानात खुरपे धरणाऱ्या बाईसाठीही.

मागणी काय, ते स्पष्ट सांगतो. पाच वर्षांची मुदत आणि ‘पहिली विक्री’ ही अट काढून टाकावी. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचे आणि कंपनीच्या मालकीचे हस्तांतरण ही विक्रीच समजावी. महामंडळाला हस्तांतरणातून मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा मूळ बाधित कुटुंबांच्या नावे जमा करणारी दुरुस्ती राज्याच्या कायद्यात व्हावी. यात अशक्य काहीच नाही. जगातल्या कोणत्याही मैदानावरील पोराच्या बाराव्या वर्षाचा हिशेब ठेवून पाव टक्का पोहोचवण्यासाठी फिफाने २०२२ मध्ये पॅरिसला स्वतंत्र वसुलीगृह उघडले. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीला आपल्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे वारस सापडत नाहीत, यावर आम्ही विश्वास ठेवावा काय?

ते सापडत नसतील तर आपण शोधून देऊ. तालुका शाखांनी पावसाळ्यापूर्वी हे काम हाती घ्यावे. दोन्ही औद्योगिक वसाहतींच्या भूसंपादनाच्या निवाड्यांच्या प्रती मिळवाव्यात, त्यांतील गटक्रमांक आणि नावे उतरवून घ्यावीत. महामंडळाच्या कार्यालयात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून प्रत्येक भूखंडाचे हस्तांतरण किती वेळा झाले आणि किती शुल्क वसूल झाले याची यादी मागवावी. त्यानंतर गावात बसून म्हाताऱ्यांना विचारावे की, त्या वर्षी कोणाच्या रानात कोण मजुरीला जात होते. ही नावे कोणत्याही दफ्तरात नाहीत, आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.