न काढता येणारा पाहुणा

गेल्या रविवारी इटियाडोह धरणाच्या भिंतीवर, गाढवी नदीचे अडवलेले पाणी न्याहाळत आम्ही बसलो असता, सोबतच्या वयोवृद्ध शेतकऱ्याने आपला नवा फोन माझ्या हाती देऊन, "भाऊ, यातलं जे मी मागितलं नाही, ते काढून द्या जी," अशी विनंती केली. आणि अर्धा तास खटपट करूनही प्रत्येक चिन्हावर बोट दाबून धरताच 'काढून टाका'ऐवजी 'अक्षम करा' हीच अक्षरे उमटत राहिली, म्हणजे पाहुणा ओसरीवरून माजघरात सरकला, घराबाहेर मात्र गेला नाही. वास्तविक भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, अँड्रॉइड फोनमध्ये आधीच बसवलेली आपली ॲप काढण्यास तिने आडकाठी करू नये आणि फोन प्रथम सुरू करतानाच शोधयंत्र निवडण्याची मुभा द्यावी, असे हुकूम फर्मावले होते. परंतु २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवून जे चार हुकूम रद्दबातल केले, त्यांत नेमका हा काढण्याचा हुकूम होता. हा निवाडा मला सपशेल उलटा वाटतो : दंड सरकारजमा होतो, ग्राहकाच्या पदरी पडते ती केवळ मुभा, तेव्हा सवलत द्यायचीच होती तर ती दंडात द्यावयास हवी होती. हे सारे मी सविस्तर, काहीशा आवेशानेच, निवेदन केले. म्हातारबुवांनी फोन बंडीच्या खिशात घातला आणि धानाला पाणी केव्हा सुटणार हे विचारायला ते कालव्याच्या चौकीकडे निघून गेले.