दही घरचे की दारचे?

आपल्या स्मरणिकेत भावांचे चढउतार, करांचे नियम आणि बाजारपेठेचे भवितव्य यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु ज्या घरांच्या आधारावर आपली दुकाने उभी आहेत, त्या घरांच्या स्वयंपाकघराकडेही अधूनमधून दृष्टी वळवावी, असे आम्हांस वाटते. निमित्त लहानसे आहे. दही लावण्याचे विजेचे यंत्र आता आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आले आहे, आणि त्याच्या पाठोपाठ वादही आला आहे. वडील मंडळी म्हणतात, "आमच्या आईने मडक्यात दही लावले, तिला कधी विजेची तार जोडावी लागली नाही." सुना म्हणतात, "पावसाळ्यात दही लागतच नाही, म्हणून आणले." दोन्ही पक्षांविषयी आदर बाळगून आम्ही म्हणतो की, हा वाद मुळात चुकीच्या प्रतिपक्षाशी चालला आहे.

प्रथम यंत्र काय करते, ते पाहू. ते दूध निर्माण करीत नाही, की विरजणही निर्माण करीत नाही. सहा ते आठ तास सुमारे ४० ते ४५ अंश सेल्सिअस एवढी ऊब टिकवून ठेवणे, एवढेच त्याचे काम. विरजणातील सूक्ष्म जीवाणू दुधातील शर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढली की केसीन हे दुधातील प्रथिन गोठते आणि दही लागते. बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली जिनिव्हा येथे आपल्या देशाच्या दह्यातील जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. आपल्या आज्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते, पण त्याला किती ऊब मानवते हे त्यांचे बोट अचूक सांगत असे. बेळगावच्या श्रावणातल्या संततधारेत किंवा पौषातल्या थंडीत त्या विरजलेले भांडे घोंगडीत गुंडाळून निवत आलेल्या चुलीशेजारी ठेवीत. चूल गेली, गॅस आला. गॅस बंद केला की मागे निखारा राहत नाही. तेव्हा यंत्राने आजीची जागा घेतली, हे म्हणणे खरे नव्हे. त्याने घेतली ती निवत्या चुलीची जागा.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सूनबाईंनी यंत्र आणले त्या दिवशी दूध उकळून, पुरते निवण्यापूर्वीच त्यात विरजण घातले. आठ तासांनी झाकण काढले तो दूध जसेच्या तसे! यंत्र सदोष असल्याचा निर्णय घरात तत्काळ झाला. मातोश्री मात्र काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वच्छ धुतलेले बोट दुधात बुडवले, थोडे थांबावयास सांगितले आणि बोटाला सोसेल इतके दूध कोमट झाल्यावरच विरजण घालू दिले. त्या दिवशी दही कवडीसारखे लागले. दोष यंत्राचा नव्हता. ५० अंशांच्या वर गेलेल्या दुधात विरजणाचा निभाव लागत नाही, एवढेच त्याचे कारण. त्या दिवसापासून आमच्या घरी यंत्र सूनबाईंचे आणि बोट मातोश्रींचे, अशी वाटणी झाली आहे.

आता आपल्या आचाराचा प्रश्न. दह्याला काळाची मर्यादा आहे, हे श्रावकाच्या घरी लहान मुलासही माहीत असते. दिगंबर घरांत दही सामान्यतः आठ प्रहरांचे, म्हणजे २४ तासांचे मानले जाते. श्वेतांबर घरांत दोन रात्री उलटलेले दही वर्ज्य समजतात. कच्च्या दह्याशी डाळीचा संयोग नको, हा द्विदलाचा नियमही सर्वश्रुत आहे. दह्यातील सूक्ष्म जीवांचा किंवा विजेच्या सचित्त-अचित्ततेचा निर्णय आम्ही करू धजत नाही. तो अधिकार मुनिवर्यांचा. व्यापारी या नात्याने आम्हांस एवढेच कळते की, ज्याला मर्यादा पाळावयाची आहे त्याला आरंभाचा तास नेमका ठाऊक असला पाहिजे. थंडीत मडक्यातले दही कधी दहा तासांनी लागते, कधी दुसऱ्या दिवशीही अदमुरेच राहते. यंत्रात सकाळी सात वाजता लावलेले दही दोन-तीन वाजेपर्यंत तयार होते आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनास ताजे मिळते. रात्रभर यंत्र चालू ठेवण्याचे कारणच उरत नाही. आमच्या मते यंत्राचा खरा उपयोग हा आहे, आणि ते दिवसाच वापरावे, हा आमचा आग्रह आहे.

मग प्रतिपक्ष कोणता? तो आहे शीतपेटीतला दह्याचा तयार डबा. यंत्रावर वाद घालणाऱ्या कित्येक घरांत तो केव्हाच निमूटपणे शिरला आहे. त्याच्या झाकणावरची तारीख वाचावी. कारखान्यातून गाडीत, गाडीतून दुकानात आणि दुकानातून घरी येईपर्यंत आठ प्रहर बहुधा उलटूनच गेलेले असतात. परदेशांत काही दह्यांमध्ये घट्टपणासाठी जिलेटिन घालतात आणि ते प्राण्यांपासून काढलेले असते. शिकावयास गेलेल्या आपल्या मुलामुलींनी तेथील वेष्टने अवश्य वाचावीत. आपल्या देशात हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो. परंतु दही कोणत्या तासाला लावले, हे तो ठिपका सांगत नाही. शिवाय १८ जुलै २०२२ पासून आवेष्टित व लेबल लावलेल्या दह्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

येथे एक अडचणीची गोष्ट बोलणे प्राप्त आहे. ते डबे आपल्यापैकीच अनेकांच्या दुकानांत विकले जातात. ती विक्री बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. ग्राहक मागेल तो माल ठेवणे हा व्यापाराचा धर्म आहे. परंतु दुकानात विकावयाची वस्तू आणि घरच्या ताटात वाढावयाची वस्तू यांचा विचार एकाच मापाने करता येत नाही. दुकानात सवड नाही म्हणून घरात डबा आणला, असे म्हणणाऱ्याने हिशेब करावा. दूध विरजण्यास पाच मिनिटे लागतात. पंधरा वॉटचे यंत्र आठ तास चालले तरी १२० वॉट-तास वीज खर्च होते. म्हणजे एका युनिटात आठ वेळा दही लागते. इतका स्वस्त गडी आपल्या पेढीवर दुसरा नसेल!

जे सभासद ही यंत्रे विकतात त्यांनाही आमची विनंती आहे. यंत्राने दही अमृत होते, रोग पळतात, अशा जाहिरातीस बळी पडू नये व ग्राहकास पाडू नये. काही यंत्रांत ऊब मर्यादेत राखण्याची सोय नसते. ती विकण्यापूर्वी पाण्यात तापमापक ठेवून स्वतः पाहावे. चवीतला फरकही आधीच सांगावा. घरच्या विरजणात तीस अंशांच्या आसपास वाढणारे जीवाणूही असतात. यंत्राच्या जास्त उबेत दुसऱ्या जातीचे बळावतात. म्हणून यंत्रातले दही थोडे निराळे लागते, आणि लागल्यावरही आत राहिले तर आंबट होऊन पाणी सोडते. आणि जेथे गरज नाही तेथे यंत्र विकू नये. ग्वाल्हेर-इंदूरच्या थंडीत ते उपकारक आहे. हैदराबादच्या वैशाखात ओट्यावर ठेवलेले दूधही दुपारपर्यंत लागते, तेथे यंत्र फळीवरच शोभते.

वडील मंडळींना आमची प्रार्थना एवढीच की, यंत्रावर रागावण्यापेक्षा त्यांनी सुनांना बोटाची परीक्षा शिकवावी. दूध नीट उकळावे, कोमट होऊ द्यावे, लिटरभर दुधाला चमचा-दीड चमचा विरजण पुरे, भांडे मध्ये हलवू नये आणि लावल्याची वेळ पाटीवर लिहून ठेवावी. सुनांनीही जुनी घोंगडी टाकून देऊ नये. आपल्या गावी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि ती गेली की अर्धवट लागलेल्या दह्याला त्या घोंगडीवाचून दुसरा आधार नाही.