काचेवरचा साका

स्नानगृहातील काचेच्या दारावर काही महिन्यांत जो धुरकट, पांढुरका थर चढतो, त्याला सर्रास मळ समजले जाते आणि मळ म्हणून तो घासला जातो. या गैरसमजापायी मनगटे दुखतात, काचेवर ओरखडे उठतात आणि थर मात्र जागचा हलत नाही. वस्तुतः तो थर अंगावरून निघालेल्या मळाचा नसतो, तर साबण आणि पाण्यातले क्षार एकत्र येऊन काचेवर नव्याने तयार झालेला तो एक स्वतंत्र पदार्थ असतो आणि त्याचा स्वभाव समजल्यावाचून त्याचा बंदोबस्त होत नाही.

साबण म्हणजे तेलातील किंवा चरबीतील आम्लांचा सोडियमशी झालेला संयोग होय, ही गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल याने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या चरबीविषयक ग्रंथात पुरती उलगडून दाखवली. सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो. परंतु पाण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल, तर ते सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेतात आणि कॅल्शियमचा जो साबण तयार होतो तो पाण्यात विरघळत नाही, फेसही देत नाही, केवळ चिकट साका होऊन मिळेल त्या पृष्ठभागाला धरून बसतो. अशा पाण्याला मराठी पाठ्यपुस्तकांनी 'दुष्फेन', म्हणजे ज्यात फेस महाप्रयासाने येतो ते पाणी, असे नेमके नाव दिले आहे. बोलण्यात मात्र त्याला जड पाणी म्हणतात, आणि त्यात डाळ लवकर शिजत नाही हा अनुभव स्वयंपाकघराला रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून आहे.

कराडलगतचे मलकापूर या विषयासाठी सोयीचे गाव आहे. कोयना नदीचे पाणी मीटर लावून चोवीस तास पुरवणारे गाव म्हणून त्याचे नाव महाराष्ट्राबाहेरही गेले. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस उतारावरून थेट नदीत येतो, खडकाशी त्याचा सहवास थोडा घडतो, म्हणून अशा पाण्यात क्षार सहसा कमी असतात. याउलट बोअरचे पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले असते आणि त्या मुक्कामात खडकातील कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलून वर येते. त्यामुळे नळाचे पाणी आणि इमारतीच्या बोअरचे पाणी एकाच टाकीत सोडले जाते तेथे, नदीकाठी राहूनही, काचेवर साका चढतो. भारतीय मानक संस्थेच्या 2012 च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, अशी मर्यादा आहे. हिशेब मांडला तर 200 मिलिग्रॅमच्या एका लिटर पाण्यातील कॅल्शियम सुमारे सव्वा ग्रॅम साबण निकामी करू शकते. 600 मिलिग्रॅमच्या पाण्यात हा आकडा साडेतीन ग्रॅमच्या पुढे जातो. जो साबण असा निकामी होतो, तोच काचेवर दिसतो.

बादली आणि तांब्याने आंघोळ करणाऱ्या घरांत हा साका नव्हता असे नाही. बादलीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर उमटणारे मळकट वर्तुळ, प्लॅस्टिकच्या मगाचा बुळबुळीतपणा, मोरीच्या कडेची पांढरी रेघ ही त्याचीच रूपे होत. ती कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हती इतकेच. पारदर्शक काच स्नानगृहात आणून उभी केल्यावर मात्र तोच साका घराची अब्रू काढू लागला, आणि हौसेने बसवलेली काच आठवड्यागणिक चाकरी मागू लागली.

काच पुसण्याची कला कराडच्या परिसराला अर्थातच नवी नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना उभा राहिला आणि तेथल्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील असंख्य घरे उजळली. कंदिलाची काच रोज सांजवेळी चुलीतल्या बारीक राखेने, फडक्याने पुसली जाई. राख अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असते. काजळी आणि तिच्यातला तेलकटपणा तिच्यापुढे टिकत नाही. हाच जुना उपाय स्नानगृहातील काचेवर करू गेल्यास निष्फळ ठरतो, कारण कॅल्शियमचा साबण अल्कधर्मी पदार्थाला दाद देत नाही. येथे उपयोगी पडते ते तांब्यापितळेची भांडी चिंचेने, लिंबाच्या सालीने किंवा आमसुलाने लख्ख करणाऱ्या हातांचे ज्ञान. आम्ल साक्यातील कॅल्शियमला सोडवून पाण्यात नेते. मागे उरते ते मोकळे झालेले तेलाम्ल, आणि ते मेणचट असल्यामुळे नुसत्या व्हिनेगरने पुसलेली काच वाळल्यावर पुन्हा धुरकट दिसते. ही दुसरी पायरी बहुतेकांकडून सुटते. म्हणून व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व यांत भांडी घासण्याचे द्रव मिसळावे, त्यात भिजवलेले जुने सुती फडके उभ्या काचेला चिकटवून पंधरा-वीस मिनिटे राहू द्यावे, कारण नुसते शिंपडलेले द्रव काम सुरू होण्याआधीच ओघळून जाते. मग मऊ स्पंजाने पुसून, भरपूर पाण्याने धुऊन काच कोरडी करावी. व्हिनेगरवर खाण्याचा सोडा टाकून उठवलेला फेस पाहायला छान असला तरी त्यात आम्ल आणि अल्क परस्परांना संपवतात.

शहाबादी फरशी, कडाप्पा आणि संगमरवर हे चुन्याच्या जातीचे दगड असल्यामुळे आम्ल त्यांनाही खाते. काचेखाली अशी फरशी असल्यास ती आधी पाण्याने भिजवावी आणि ओघळ लगेच धुऊन टाकावेत. संडास साफ करण्याचे तीव्र आम्ल नळांची आणि काचेच्या दाराच्या बिजागऱ्यांची चकाकी घालवते, आणि ब्लीचिंगशी कोणतेही आम्ल मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. तारेची घासणी आणि वाळू वर्ज्य, कारण वाळूचे कण काचेहून कठीण असतात.

गीझरवाल्या घरांत आणखी एक थर भेटतो. पाणी तापले की त्यातला काही क्षार चुन्याच्या रूपाने बाहेर पडतो; जुन्या तांब्याच्या बंबात आतून जे कवच धरत असे ते हेच. काचेवरच्या खरखरीत पांढऱ्या ठिपक्यांतही बहुधा हाच चुना असतो आणि तो आम्लाला सहज वश होतो. शिकेकाई आणि रिठा यांतील फेस देणारे द्रव्य साबणाच्या जातीचे नसल्यामुळे कॅल्शियमशी त्याचा असा साका होत नाही, हे जाता जाता नोंदवण्याजोगे आहे.

वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेली काच मात्र पृष्ठभागापासूनच झिजून मंद झालेली असते आणि तिच्यावर कोणतेही आम्ल चालत नाही. ती बहुधा बदलावीच लागते. ती वेळ येऊ नये यासाठी आंघोळीनंतर रबरी पट्टीचा वायपर काचेवरून एकदा फिरवणे पुरते, कारण थेंब वाळलाच नाही तर क्षार मागे राहत नाही. ज्यांना आपल्या घरचे पाणी कोणत्या जातीचे हे पाहायचे असेल, त्यांनी दोन बाटल्या अर्ध्या भराव्यात, एक नळाच्या व एक बोअरच्या पाण्याने, दोन्हींत साबणाचा सारखाच कीस घालून जोराने हलवाव्यात, आणि जिच्यात फेसाऐवजी दह्यासारखा साका तरंगेल ते पाणी निदान आंघोळीच्या नळाला जोडू नये.