थोरली बहीण

अहमदाबादच्या साराभाई या जैन गिरणीमालक घराण्यात १८८५ साली जन्मलेल्या अनसूयाबेनांना मजूर ‘मोटाबेन’, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. बालविवाहही टिकला नाही. धाकटे बंधू अंबालालभाईंच्या साह्याने त्या वैद्यकी शिकण्यास विलायतेस गेल्या; परंतु प्राण्यांची चिरफाड अहिंसेच्या संस्कारांस मानवेना, म्हणून ती विद्या त्यांनी सोडली. १९१८ च्या संपात ३५ टक्के वेतनवाढ मागणाऱ्या मजुरांच्या बाजूस बहीण, तर गिरणीमालकांच्या अग्रभागी भाऊ! तरीही त्या दिवसांत भाऊ गांधीजींच्या आश्रमात जेवावयास येत आणि बहीण त्यांना वाढीत असे. १९७२ साली मोटाबेन निवर्तल्या. पेढीच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या घरांनी त्या पंक्तीचे स्मरण करावे.